कराराचं बोलकं नाणं

मच्छीमार सोसायटीच्या सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. खिडक्यांच्या गजांना माणसं लोंबकळत होती. जाळी विणणारे हातातलं काम काखोटीला मारून आले होते, आणि एरवी एका जागी न टिकणारा इंजिनांचा मेकॅनिक हात जोडून, डोळे मिटून चक्क गप्प बसला होता. समोर व्यासपीठावर हिरव्या काचेची एक बाटली होती. बाटलीच्या तोंडावर एक काळपट नाणं आणि बाटली दोन्ही तळव्यांत कवटाळून बसलेले बर्फ कारखान्याचे मालक.

मालकांनी घसा खाकरला आणि आपण आयुष्यात कुणाला शिळा बर्फ किंवा कमी बर्फ दिला नाही असं जाहीर केलं. सभागृहात शांतता पसरली. शेजारी उभे असलेले नाणेमहाराज मंत्र म्हणत होते. आणि मग नाणं उचललं गेलं, खाली बसलं.

टक्.

पुन्हा टक्.

गर्दीतून मोठा उसासा उठला. निम्म्या सभागृहाच्या आठवणी वेगळ्या होत्या, पण नाण्यापुढे आठवणींचं काय चालणार? मालक धन्य होऊन खाली उतरले.

"हे नाणं नव्हे," नाणेमहाराज म्हणाले. "ही जीभ आहे. दोन राजांची मिळून एक जीभ."

गावात त्यांना नाणेमहाराज म्हणत. उंच, सडपातळ, आवाज असा की साधं 'पुढे सरका' म्हटलं तरी काहीतरी गूढ कानी पडल्यासारखं वाटावं. त्यांची कथा सगळ्यांना आता पाठ झाली होती. फार पूर्वी दोन दर्यावर्दी राज्यं या समुद्रावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडली. एकमेकांची जहाजं जाळली, खलाशी पळवले. शेवटी दोघेही थकले आणि याच बंदरात करार झाला: समुद्र दोघांचा, आणि वादळात सापडलेला खलाशी कुणाचाही असो, त्याला वाचवायचं. इथवर सगळं खरं होतं. शाळेच्या पुस्तकात धडाच होता. पुढचं महाराजांच्या पदरचं. करार झाल्यावर म्हणे दोन्ही राजांनी एका नाण्यावर हात ठेवून शपथ घेतली, आणि 'खऱ्याच्या हातात बोल, खोट्याच्या हातात मुकं हो' असं सांगून ते समुद्रात सोडलं. तेच नाणं एका अजस्र माशाच्या पोटातून थेट महाराजांच्या हाती आलं. जन्मभर मासे चिरणाऱ्या इतक्या माणसांतून एकालाही ते कसं सापडलं नाही, हा प्रश्न त्या माणसांनाही पडला नव्हता.

सगळ्यात मागच्या बाकावर शास्त्राच्या बाई बसल्या होत्या. त्या शाळेत विज्ञान शिकवत, म्हणून गावाने त्यांचं तेच नाव पाडलेलं. त्या आल्या होत्या करमणूक म्हणून, हे त्यांनी घरी मोकळेपणाने सांगितलं होतं. तीनचार माणसं पाहून झाल्यावर त्यांच्या एक गंमत लक्षात आली होती. महाराजांचा मंत्र रबराचा होता. कुणासाठी तो लांबच लांब ताणला जाई, नाणं बोलेपर्यंत संपतच नसे. कुणासाठी मात्र सुरू होतो न होतो तोच आटपे. बाई मनातल्या मनात हसत होत्या. मग अध्यक्ष उठले आणि बाईंचं हसू विरलं.

सोसायटीचे अध्यक्ष म्हणजे भारदस्त माणूस. आधी पोट दारातून आत येई, मग ते. कराराच्या स्मरणार्थ दर वर्षी होणाऱ्या नौकांच्या शर्यतीत सोसायटीने यंदा चांदीचा चषक जिंकला होता, आणि तो चषक आता कार्यालयाच्या काचेच्या कपाटात सापडत नव्हता. अध्यक्षांनी पोलिसांकडे जाण्याऐवजी महाराजांना बोलावलं. घरची अब्रू घरातच राहावी, असं त्यांचं म्हणणं. कार्यालयाशेजारच्या बर्फाच्या शेडमध्ये काम करणाऱ्यांनी एकेक करून नाण्यापुढे यायचं, असं ठरलं होतं.

एकेकजण आला. 'मी चषक घेतला नाही' असं म्हणून, टक् ऐकून, घाम पुसत खाली उतरला. सगळ्यांत शेवटी बाईंची वहिनी आली. तिची कामाची पाळी नुकतीच संपली होती. माशांच्या पेट्यांत फावड्याने आणि नंतर हाताने बर्फ भरून ती तशीच रबरी बूट फटफटवत आली होती. महाराजांच्या चेल्याने तिला इतरांसारखंच हौदातल्या पाण्यात हात धुवायला लावले. खोल समुद्रातलं पवित्र पाणी, असं म्हणत. त्यात बर्फाचे तुकडे तरंगत होते. खोल समुद्र थंडच असतो, असं चेल्याचं स्पष्टीकरण होतं.

वहिनीने बाटली धरली.

"मी चषक घेतला नाही."

मंत्र झाला. नाणं हललं नाही. महाराजांनी आणखी जरा वाट पाहिली, मग हळूच डोळे मिटले, जणू त्यांना फार दुःख झालं होतं. वहिनी आपल्या हातांकडे बघत राहिली. मग ती उठली आणि गर्दीने तिला वाट करून दिली. अंगाला अंग लागू नये अशी, ऐसपैस.

बाईंचा भाऊ तेव्हा खोल समुद्रात होता. तो परत येईपर्यंत त्याची बायको चोर ठरलेली असणार होती. तिला कामावरून थांबवल्याचं दुसऱ्याच दिवशी कळलं. शेजारणी बोलायच्या थांबल्या. आणि घरात बाईंच्या आईने स्वयंपाकघरातल्या कपाटाला कुलूप लावलं. किल्ली कमरेला खोचली. त्या कपाटात साखर आणि डाळी होत्या, चांदी म्हणाल तर एक चमचाही नव्हता.

वहिनीने ते पाहिलं. तिने भांडण केलं नाही. ती ओट्याशी उभी राहून चहा करत होती आणि पातेल्याच्या कडेला हात शेकत होती.

"माझे हात कधी ऊबदार होतच नाहीत गं," ती बाईंना म्हणाली, "वर्षानुवर्षं त्या बर्फात. तुझा दादा म्हणतो, तुझ्या हातात मासे दिले तर फ्रीज नको."

बाई हसल्या, आणि हसता हसताच थांबल्या. त्यांनी वहिनीचे हात हातात घेतले. खरंच, शेकूनही नळाच्या पाण्यासारखे गार. त्यांना सभागृहातली बाटली आठवली. ती प्रत्येक माणसानंतर चेला त्या बर्फाळ हौदात बुडवून ठेवत होता. तोंड ओलं करून, वर नाणं ठेवून देत होता. आणि मालकांसारखे मोठे लोक हौदाकडे फिरकतच नव्हते. ते आधी आतल्या खोलीत महाराजांबरोबर बसत, हातात गरम चहाचे पेले घेऊन.

"वहिनी," बाई म्हणाल्या, "घरात रिकामी काचेची बाटली आहे का?"

सरबताची एक बाटली मिळाली. नाण्यासाठी बाईंनी आपल्या टेबलाचा खण उपसला. कराराला तीनशे वर्षं झाली तेव्हा सरकारने एक स्मारक नाणं काढलं होतं, आणि शाळाशाळांतून सगळ्यांना वाटण्यासाठी त्याचीच स्वस्त ॲल्युमिनियमची आवृत्ती. एका बाजूला समोरासमोर आलेली दोन शिडाची जहाजं, दुसऱ्या बाजूला हातात हात. फुंकर मारली तर टेबलावरून घसरेल इतकं हलकं. बाईंनी बाटली फ्रीजमधून गारेगार करून काढली, तोंडाला पाणी लावलं, वर नाणं ठेवलं आणि तळवे टेकवले. वहिनी आणि आई दोघी बघत होत्या. आई जरा लांबून.

"मी या बंदराची महाराणी आहे," बाई गंभीरपणे म्हणाल्या.

टक्.

वहिनीच्या तोंडून हसू फुटलं.

"माझ्या वडिलांना शेपटी होती."

टक्, टक्.

"गेलेल्या माणसाबद्दल काय बोलतेस," आई पुटपुटली, पण पुढे सरकली. बाईंनी बाटली पुन्हा गार केली आणि आईच्या हातात दिली. काय म्हणायचं तेही सांगितलं. आईने एकदा सुनेकडे पाहिलं, मग मान खाली घालून म्हणाली, "माझ्या सुनेनं चषक चोरला." नाणं टक् झालं. मग आईला सांगितलं, आता उलटं म्हण. "माझ्या सुनेनं चषक चोरला नाही." नाणं टक् झालं. मग आईने काहीच न बोलता बाटली धरून ठेवली, आणि त्या बिनबोलत्या आईच्या हातात नाणं सगळ्यांत जास्त बोललं.

मग आईने कमरेची किल्ली काढली, कपाट उघडलं आणि कुलूप किल्लीसकट वहिनीसमोर ओट्यावर ठेवलं. "फेकून दे ते," म्हणाली. वहिनीने चहाचा पहिला कप आईला दिला.

पुढच्या बैठकीला बाई पहिल्या रांगेत बसल्या. वहिनी येईना, पुन्हा त्या लोकांसमोर कशाला, असं तिचं म्हणणं. शेवटी आईच तिला हाताला धरून घेऊन आली. त्या दोघी एकत्र आत शिरल्यावर जरा कुजबुज झाली.

बाईंनी पदराआड गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवली होती आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवून त्या अगदी भक्तिभावाने बसल्या होत्या. नाव पुकारल्यावर त्या उठल्या. चेल्याने हौदाकडे बोट दाखवलं. बाई म्हणाल्या की आपल्याला सर्दी आहे, आणि नाण्याला सत्याशी मतलब, ओल्या हातांशी नाही. लोकांना ते पटलं. महाराजांनाही नाही म्हणता येईना, कारण बर्फवाले मालकही कधी हात धुवत नसत.

"विचारा नाण्याला, ताई," महाराज म्हणाले. "मनात कपट नको. दोन राजे ऐकत आहेत."

बाईंनी बाटली धरली.

"मी नव्वद वर्षांची आहे," त्या म्हणाल्या.

महाराजांचा मंत्र अडखळला. नाणं अडखळलं नाही. टक्.

"मी रोज सकाळी देवमाशावर बसून शाळेत जाते."

टक्.

"आणि या सभागृहात बसलेला प्रत्येकजण माझ्या विज्ञानाच्या परीक्षेत पहिला आला होता."

टक्, टक्, टक्. शेवटचं वाक्य मात्र लोकांना सहन झालं नाही. बाईंच्या हाताखाली नापास झालेला मेकॅनिक आधी हसला, आणि मग ते हसू रांगारांगांतून मागे भिंतीपर्यंत गेलं. महाराजांनी हात वर केला. राजे कधीकधी थट्टा करतात, ते म्हणाले. ज्याच्या मनात थट्टा असते त्याला ते थट्टेनेच उत्तर देतात.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या, "मग थट्टा न करणारा माणूस बोलावू. अध्यक्षसाहेब, आपण याल का?"

अध्यक्षांना नाही म्हणणं शक्यच नव्हतं. त्यांच्याएवढा थट्टा न करणारा माणूस पंचक्रोशीत नव्हता. बाईंनी त्यांना विनंती केली की सामान्य माणसांप्रमाणे आपणही पवित्र पाण्यात हात धुवावेत, आणि जरा भरपूर धुवावेत, कारण आपलं पदही मोठं आहे. अध्यक्षांनी मनगटापर्यंत हात बुडवले. त्यांचे ओठ निळे पडू लागले तरी मान राखण्यासाठी ते हूं की चूं करेनात. मग थरथरत त्यांनी बाटली धरली.

"मी," ते म्हणाले, "या सोसायटीचा अध्यक्ष आहे."

महाराजांनी मंत्र ओढला. खूप ओढला. राजांची नावं झाली, जहाजांची नावं झाली, वाऱ्यांची नावं झाली. नाणं ढिम्म.

पुढच्या बाकावर बसलेले म्हातारे कप्तान, ज्यांनी निम्म्या गावाला होडी चालवायला शिकवली होती, ते काठीवर हनुवटी टेकून म्हणाले, "मग आमचा अध्यक्ष कोण म्हणायचा?"

आता हसू आवरण्याचा प्रश्नच उरला नाही. अध्यक्ष तसेच बाटली धरून बसलेले, आणि सगळ्या जगाला माहीत असलेलं सत्य नाण्याला मात्र ठाऊक नव्हतं.

बाईंनी मग सगळं उलगडून सांगितलं, वर्गात सांगतात तसं. बाटली रिकामी दिसते, पण तिच्यात हवा असते. बाटली गार केली की ती हवा आक्रसते. ओल्या तोंडावर नाणं ठेवलं की पाण्याने फट बुजते, हवा आत कोंडते. आता बाटलीला ऊबदार हात लावा. हवा तापते, फुगते, तिला जागा पुरत नाही. ती नाण्याला ढकलून बाहेर पळते, आणि नाणं पुन्हा खाली बसतं. टक्. हात गरम असले की झटकन, गार असले की फार उशिरा किंवा नाहीच. ज्याला आतल्या खोलीत गरम चहा मिळाला तो खरा ठरला. जो पाळी संपवून थेट बर्फाच्या शेडमधून आला आणि वर बर्फाच्या पाण्यात हात धुऊन बसला तो खोटा ठरला. महाराजांना चोर कोण हे माहीत नव्हतं. त्यांना ते शोधायचंही नव्हतं. त्यांना फक्त कुणाच्या तरी हातात गप्प बसलेलं नाणं हवं होतं.

"विज्ञान वेगळं, श्रद्धा वेगळी," महाराज म्हणाले, आता त्यांच्या आवाजातलं गूढ जरा पातळ झालं होतं. "हवा असेल, बाटली असेल. पण हे नाणं साक्षात करार झाला त्या दिवशीचं आहे."

बाईंनी नाणं मागितलं. महाराजांनी ते मुठीत धरलं. कप्तानांनी काठी पुढे करून रस्ता अडवला, आणि मग मूठ उघडावी लागली. नाणं काळं केलेलं होतं, कानशीने कडा घासलेल्या होत्या. पण जहाजं तीच, समोरासमोर. बाईंनी मोबाइलचा दिवा तिरका धरला आणि कप्तानांना वाचायला सांगितलं. त्यांची नजर दूरची चांगली होती, म्हणून त्यांनी नाणं हातभर लांब धरलं.

"कराराची तीनशे वर्षं," ते सावकाश वाचत गेले. मग त्यांनी मान वर केली. "महाराज, करार झाला त्याच दिवशी त्याला तीनशे वर्षंही झाली?"

यावर राजांनी काही उत्तर दिलं नाही. हशा ओसरेपर्यंत महाराज चेल्यासकट मागच्या दाराने निघून गेले होते. बाटली, हौद आणि वितळता खोल समुद्र मागेच राहिला.

लोक उठू लागले. गंमत संपली होती. तेवढ्यात वहिनी उभी राहिली. तिला सभेत बोलायची सवय नव्हती.

"माझं एक विचारायचं राहिलं," ती म्हणाली. "मी चोर नाही हे नाण्यानं नाही सांगितलं, आणि बाईंनी नाणं खोटं आहे एवढंच दाखवलं. चषक अजून मिळालेला नाही. तो शेवटचा कुणी पाहिला, कुणाच्या हातात पाहिला, हे कुणी विचारलंय का?"

कुणी विचारलं नव्हतं. इतके दिवस सगळा गाव नाण्याला विचारत होता.

मग लोकांनी एकमेकांना विचारायला सुरुवात केली. शर्यतीच्या सत्काराला चषक व्यासपीठावर होता, एवढं सगळ्यांना आठवलं. नंतर फोटो काढले. फोटो काढताना त्याचा एक कान निखळला. कुणाच्या हातून, यावर थोडी बाचाबाची झाली. आणि मग सोसायटीचा कारकून, जो आतापर्यंत भिंतीशी लहान होऊन उभा होता, चाचरत म्हणाला, "साहेब, कान जोडून घ्यायला तुम्हीच तो गाडीत टाकून नेला होता ना? सराफाकडे देतो म्हणाला होतात."

अध्यक्षांचे हात अजून गार होते, पण चेहरा लालबुंद झाला. आपणच तो नेल्याचं ते साफ विसरले होते. सराफाला तिथूनच फोन लागला. सराफ उलट वैतागला होता. चषक केव्हाचा तयार आहे, न्यायला कुणी येतच नाही, मी तो दुकानात किती दिवस सांभाळायचा?

अध्यक्षांनी वहिनीची माफी आपल्या खोलीत बोलावून मागायची इच्छा दाखवली. वहिनी म्हणाली, चोर मला इथे ठरवलं, सगळ्यांसमोर. अध्यक्ष पुन्हा त्याच व्यासपीठावर चढले आणि त्याच बाटलीशेजारी उभं राहून त्यांनी माफी मागितली. कुणी मधे हसलं नाही. वहिनीने ती ऐकून घेतली, आणि उद्या सकाळच्या पाळीला येईन असं सांगितलं.

घरी परत जाताना वाटेत मेकॅनिकने बाईंना गाठलं. तो जरा खजील होता. हात जोडून डोळे मिटले तेव्हा आपल्याला खरंच काहीतरी जाणवलं होतं, असं तो म्हणाला. बाईंनी त्याची थट्टा केली नाही. जाणवतंच, त्या म्हणाल्या. एवढी गर्दी, एवढी शांतता आणि तसा आवाज असला की कुणालाही जाणवेल. पण इंजिन बंद पडलं तर तू काय करतोस? हात जोडतोस की झाकण उघडतोस?

झाकण उघडतो, तो म्हणाला.

मग माणसाच्या बाबतीत तेवढंच कर, बाई म्हणाल्या. कुणी चमत्कार दाखवला तर झाकण उघडून बघ. कुणाला चोर म्हणण्याआधी त्याला विचार, शेजाऱ्याला विचार, स्वतःला विचार. हवेला खरं-खोटं कळत नाही, काचेला कळत नाही, नाण्याला तर नाहीच. ते काम आपलं आहे, आणि ते दुसऱ्या कुणावर ढकललं की कुठल्यातरी गार हातांच्या बाईला त्याची शिक्षा भोगावी लागते.